बाधेचं वय

यंत्रानं प्रणाली देवकरला नऊ वर्षं सांगितली, आणि त्यानंतर ती दवाखान्याकडे फिरकलीच नाही.

डॉ. ऋजुता साबणेनं सकाळी विट्याच्या कार्यालयातला संगणक चालू केला की ते नाव लाल अक्षरांत सर्वांत वर यायचं. प्रणाली देवकर, हिवरमाळ, वय चौतीस, उपचार तातडीचा. फोन केला तर सासू उचलायची, "बरं बरं" म्हणायची आणि ठेवून द्यायची. या "बरं बरं"चा अर्थ ऋजुताला एव्हाना पाठ झाला होता. ती कऱ्हाडची. गोड बोलून नकार द्यायची रीत तिला कुणी शिकवायला नको होती.

प्रकल्प कागदावर अगदी सरळ होता. विट्याच्या आसपासची गावं चिठ्ठ्या टाकून तीन गटांत वाटली होती. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर होण्याआधी जे बदल होतात, ते पकडणाऱ्या तीन तपासण्यांतली सरस कोणती, हे ठरवायचं होतं. पहिली जुनी आणि स्वस्त. व्हिनेगरचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं, बिघडलेला भाग पांढरा पडतो, तो नर्सनं डोळ्यांनी बघायचा. नर्स दमलेली असली की असलेला डाग सुटतो, आणि फार उत्साही असली की नसलेला दिसतो. दुसरी तपासणी विषाणूची. बाईनं स्वतःच आडोशाला जाऊन कापसाच्या काडीवर नमुना घ्यायचा. यंत्र 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगतं. तिच्या हातून फारसं काही सुटत नाही, पण तिची अडचण उलटी आहे. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी येतोच, आणि बहुतेकींच्या अंगातून दोनेक वर्षांत आपला आपण निघूनही जातो. ज्यांना पुढे काहीच होणार नसतं अशा कितीतरी जणींची झोप ही तपासणी उगाच उडवते.

तिसरी तपासणी म्हणजे 'कालांक' नावाचं नवं यंत्र. विषाणू मुक्कामाला राहिला की तिथल्या पेशींच्या जनुकांवर बारीक रासायनिक खुणा चढत जातात. माणदेशातल्या जड पाण्यानं हंड्याला आतून पांढरी पुटं चढतात ना, तसंच. पूट किती जाड झालं ते बघून हंडा किती वर्षं वापरात आहे हे जाणती बाई सांगते. कालांक त्या खुणा मोजून वर्षं सांगायचं. दोनाच्या आत असली तर घरी जा, काळजी करू नका. पाचाच्या वर गेली तर लगेच या. कुणाला घाबरायचं आणि कुणाला नाही, हे पहिल्यांदाच नेमकं कळत होतं. तिन्हींत कालांकच जिंकणार, याबद्दल पुण्यातल्या मुख्य कार्यालयात कुणाच्या मनात शंका नव्हती.

शंका गावांत निघाली. एका वाडीत एका बाईचा आकडा तिच्या लग्नाच्या वर्षांपेक्षा मोठा आला, आणि आठवड्याच्या आत नवऱ्यानं तिला पिशवीसकट माहेरी नेऊन सोडलं. ती बातमी हां हां म्हणता पंचक्रोशीत पसरली. त्यानंतर तिसऱ्या गटातल्या बायका तपासणीला यायच्या, पण आकडा आला की उपचाराला येत नसत. व्हिनेगरच्या गावांत डाग कमी सापडायचे, पण सापडलेल्या सगळ्या जणी येऊन उपचार घेऊन जायच्या. सर्वांत हुशार यंत्राचा निकाल सर्वांत वाईट लागत होता, आणि ते पुण्याला सांगायचं कुणी, हा प्रश्न होता.

त्यातून यंत्राचं मराठी ऋजुतानंच केलेलं. शब्द निवडताना तिनं बराच विचार केला होता. 'संसर्ग' म्हटलं की बायका गोंधळायच्या, 'लागण' म्हटलं की कुणाकडून हा प्रश्न मागोमाग यायचाच. 'बाधा' तिला सभ्य वाटला. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी अहवाल ऐकण्याची सोय होती, त्याला आवाजही तिचाच होता.

फोनवर काही होत नाही म्हटल्यावर ती हिवरमाळला गेली.

हे गाव गलाईवाल्यांचं. घरटी एक-दोन पुरुष केरळ, तामिळनाडू नाहीतर थेट दिल्लीला, सराफ कट्ट्यात सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात. घरं टोलेजंग, दारात गाड्या, आणि घरात बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. पुरुष गावच्या यात्रेला येतात आणि यात्रा झाली की जातात. देवकरांचं घर दुमजली होतं. दारावर लिंबू-मिरच्या नव्या बांधलेल्या होत्या आणि उंबऱ्यावर काळ्या दोऱ्यात बिब्बा लटकत होता. अंगणात भावकीतल्या चार-पाच बायका शेंगा फोडत बसलेल्या. प्रणाली आत चुलीपुढं भाकरी करत होती. तव्यावरची भाकरी ती उलथनं न घेता बोटांनीच उलटत होती, आणि बोटं पोळली की पाण्यात बुडवत होती.

"लोखंड लावायचं न्हाय तिला," सासू जयश्रीकाकी म्हणाली. साठीला टेकलेली ठसठशीत बाई. "इळी न्हाय, उलथनं न्हाय, सुई न्हाय. यात्रंनंतरच्या अवसेपतोर. सिदू देवरुष्यानं सांगितलंय."

"कशासाठी काकी?"

"बाधा हाय न्हवं तिला. तुमच्याच मशीननं सांगितलं. नऊ वर्सांची बाधा." काकीनं अंगणातल्या बायकांकडं बघत आवाज चढवला. "माझी थोरली सून, रोहिणी, तिला जाऊन नऊ वर्सं झाली. तीच आलीय हिच्यात."

बायकांनी माना डोलावल्या. स्वतःच्याच आवाजात तिनं या घराला सांगितलं होतं, 'नऊ वर्षांची बाधा आढळली आहे.' तिला वाटलं होतं शब्द सभ्य आहे. तो शब्द या गावात आधीपासून कुणासाठी राखून ठेवलेला आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला स्वतःची अक्षरशः लाज वाटली.

प्रणाली तिला सोडायला गाडीपर्यंत आली. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला थांबून ऋजुतानं तिला सगळं समजावलं. बाधा म्हणजे भूत नव्हे, विषाणू. चट्टा मोठा असणार. अजून कॅन्सर नसावा, पण नऊ वर्षं ही फार झाली, आणि यात्रेनंतरची ती अमावस्या दोन महिन्यांवर आहे. विजेच्या तारेनं तेवढा भाग काढून टाकला की झालं, पाव तासाचं काम. मी आत्ता आत जाऊन सगळ्यांना नीट सांगते.

प्रणालीनं तिचा हात धरला.

"नगा सांगू. बाधाच असू द्या, मॅडम."

"अगं, पण का?"

तिनं नजर टाकीकडं वळवली. मग हळू आवाजात बोलली. "नऊ वर्सांमागं यांचं त्रिशूरचं दुकान नवीन हुतं. त्या वर्सी यात्रंलाबी आले न्हाईत. आन् मी... एकजण हुता. थोडे दिस. आता तो कुठं हाय मला ठाऊक न्हाय, आन् ठाऊक करून घ्यायचंबी न्हाय. पन तुमच्या मशीननं वर्स बरोबर धरलं."

ऋजुता म्हणाली, "हे बघ प्रणाली. विषाणू आला कधी, ते यंत्र सांगतच नाही. तो ठाण मांडून बसला कधी, ते सांगतं. त्याआधी तो वर्षानुवर्षं गप्प पडून असू शकतो. लग्नाच्या पहिल्या दिवसापासूनही असू शकतो."

"म्हंजे माझ्यामुळं न्हाय?"

"तसंही सांगता येत नाही. कुणामुळं, ते यावरून कळतच नाही."

"आन् हे भावकीला पटंल?" प्रणालीनं विचारलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती.

पुण्याला फोन केला तर मुख्य संशोधक डॉ. वाकणकर नेहमीसारखे मुद्द्याचं बोलले. "गावात सभा घे. बाधा म्हणजे काय, विषाणू कसा येतो, सगळं उघड सांग. शास्त्रीय माहिती मिळाली की असले समज जातात."

"सर, तिथल्या बायका बोटांवर वर्षं मोजतात."

"मग आपण काय खोटं बोलायचं?"

माणूस वाईट नव्हता. हिवरमाळच्या एका अंगणापासून पुणं फार लांब होतं, इतकंच. ऋजुतानं येत्या गुरुवारी सभा ठरवली आणि सरपंचाला निरोप पाठवला. सभा झाली तर प्रणालीचं घर मोडणार आणि झाली नाही तर प्रणालीच जाणार, असा तो पेच होता. घर मोडलं तरी बाई जगेल, असं तिनं मनाला बजावलं.

बुधवारी दुपारी प्रणालीचा नवरा रणजित कार्यालयात हजर झाला. यात्रेला अवकाश असताना तो त्रिशूरहून आधीच निघून आला होता. ॲसिडनं पिवळी पडलेली बोटं, दमलेला चेहरा. दाराबाहेरच्या बाकावर जयश्रीकाकी बसली होती.

"मॅडम, उद्याची सभा घेऊ नका," तो म्हणाला.

"तुमच्या बायकोचा जीव धोक्यात आहे, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. म्हणून तर आलो." त्यानं दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "पहिली तीन वर्सं तिकडं माझी संगत बरी न्हवती. पैसा पहिल्यांदाच हातात आलेला. मी जायचो... नको त्या ठिकाणी. नंतर सोडलं सगळं. तिला यातलं काय ठाऊक न्हाय. तुमी सभेत सांगणार, ह्यो रोग कशानं येतो. घरी गेल्यावर ती मला काय इचारंल? आन् मी तोंड कुठं लपवू?" त्यानं मान खाली घातली. "माझ्यामुळंच झालं ना ते?"

ऋजुतानं त्याला तेच उत्तर दिलं जे त्याच्या बायकोला दिलं होतं. जवळजवळ तेच शब्द वापरले. बोलताना तिला एकदम त्या दोघांची इतकी कणव आली की तिला खिडकीबाहेर बघावं लागलं. नवरा-बायको दोघं एकाच शब्दाच्या आड लपली होती, आणि दोघांनाही वाटत होतं की इथं आपण एकटेच आहोत. ती एकाचं दुसऱ्याला सांगू शकत नव्हती. दोघांचे विषाणू शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिले असते तर कदाचित कळलंही असतं कुणाचं कुणाकडं गेलं ते. तशी सोय खालच्याच मजल्यावर होती. तो विचार तिनं तिथल्या तिथं टाकून दिला.

तेवढ्यात दार ढकलून काकी आत आली.

"रणजित, जा, चहा सांग तिघांना. तूच घिऊन ये. घाई करू नको."

तो गेल्यावर काकी खुर्चीत टेकली, पदर सावरला, आणि ऋजुताकडं रोखून बघत म्हणाली, "डाक्टरीणबाई, तुमाला काय वाटतं, मला बाधा म्हंजे काय ते कळत न्हाय?"

ऋजुतानं हातातलं पेन खाली ठेवलं.

"पस्तीसेक वर्सांमागं कोरोना आला तवा मी दोन लहान लेकरांची आई हुते. दिवसभर टीव्हीवर चालायचं, आज इतके बाधित, उद्या तितके बाधित. तवा काय सगळ्या देशाला भूत लागलं हुतं?" काकीच्या ओठांवर हसू येऊन गेलं. "तुमी फारम भरताना घरातल्या मोठ्या बाईचा नंबर मागितला. मी दिला. आन् दुपारी अंगणात आमी शेंगा फोडत बसल्याली, भावकीतल्या सगळ्या जणी हुत्या. फोन वाजला, मी बटन दाबलं, आन् तुमी मोठ्यांदा बोलायला लागला. प्रणाली देवकर. नऊ वर्सांची बाधा. माझ्या मोरं चार बायकांनी मनातल्या मनात नऊ वर्सं मागं मोजली. बायजाच्या सुनंनं तर बोटंच मुडपली. माझ्या रणजितनं त्या वर्सी गावात पाऊल ठिवलं न्हवतं, हे समद्यांना ठाऊक. त्या वाडीतली पोर हाकलून दिल्याली ताजी हुती."

"मग?"

"मग काय. मी हातातलं सूप टाकलं आन् गळा काढला. माझी रोहिणी आली गं, म्हटलं. नऊ वर्सांनी आली." ती थांबली. "बोटं मुडपल्याली तशीच राहिली."

प्रकल्पातल्या एकाही माणसाला जे सुचलं नसतं, ते या बाईनं शेंगा फोडता फोडता, डोळ्याचं पातं लवायच्या आत केलं होतं.

"तुम्हाला माहीत आहे का काकी, कुणामुळं..."

"न्हाय. आन् मला बघायचंबी न्हाय," काकी तिला मधेच तोडत म्हणाली. "ल्योक माझा हाय, आन् पोर बी माझीच हाय. दोघं रोज एकमेकांचं तोंड चुकवून जेवत्यात, एवढं दिसतं मला. तेवढं पुरं."

"मग उपचाराला का नाही आणलंत? तुम्हाला तर सगळं कळतंय."

आता मात्र काकीचा चेहरा उतरला. "अडकले की. मी नुसतं नाव घेतलं, नेम लावले सिदू देवरुष्यानं. लोखंड न्हाय म्हणाला. आता तुमची हत्यारं लावायला आणली तर भावकी म्हणंल, बाधा न्हवतीच, जयश्रीनं सोंग केलं. मग परत बोटं." तिनं डोळे पुसले. "रोहिणी ह्येच्यातच गेली, बाई. तिशीतच. अंगावरनं जायचं, कंबर धरायची, आन् म्हणायची, आत्या काय न्हाय, बरी हाय मी. मिरजंला न्हेली तवा उशीर झाला हुता. शेवटाला तिच्या खोलीत आमी पुड्याच्या पुड्या उदबत्त्या लावायचो, पन तो वास जायचा न्हाय. मला ठाऊक हाय ह्यो रोग काय करतो ते. दुसरी सून मी तशी जाऊ देणार न्हाय. पन नाव घालवून वाचवली, तर तिला ठिवू कुठं? तुमी शिकल्याल्या हाय. काय तरी काढा यातनं."

ऋजुता डोक्याला हात लावून बसली. नियम असा की लोखंड लावायचं नाही. आणि मग तिला हसूच यायला लागलं. काकीला वाटलं, हिचं काही तरी बिनसलं.

"काकी, ती तार लोखंडाची नसतेच."

रणजित चहा घेऊन आला तेव्हा टेबलावर उपकरणांचा ट्रे उघडा होता. ऋजुतानं त्याला केसासारख्या बारीक तारेचा फास दाखवला. यातून वीज जाते आणि चट्टा अलगद कापून निघतो.

"कशाची हाय?" धंद्यातल्या माणसाच्या सवयीनं त्यानं तो उजेडात धरला.

"टंगस्टन."

"बल्बातली?"

"तीच. आतला भाग बघायचं साधन प्लास्टिकचं. भूल द्यायला आता सुई लागत नाही, औषध नुसत्या दाबानं कातडीतून आत जातं. प्रणालीच्या अंगाला लोखंडाचा कणही लागणार नाही."

रणजितनं आईकडं बघितलं. आईनं त्याच्याकडं बघितलं. "दुकानातला लोहचुंबक हाय माझ्या पिशवीत," तो सावकाश म्हणाला. सोन्याच्या किसात कानशीचा लोखंडी भुगा मिसळतो, तो वेगळा काढायला प्रत्येक गलाईवाल्याकडं चुंबक असतोच. "शब्दावर कोण इस्वास ठेवतंय? चिकटतंय का न्हाय, ते समद्यांनी डोळ्यांनी बघू दे."

गुरुवारी सभा झाली, पण ती देवकरांच्या अंगणात, आणि विषाणूबद्दल त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही. सिदू देवरुषी पांढऱ्या दाढीचा, शांत म्हातारा निघाला. त्यानं रणजितच्या हातून चुंबक घेतला आणि आधी विळीला लावला. खटकन चिकटला. उलथन्याला लावला, चिकटला. बायजाच्या सुनेच्या हातातल्या तांब्याच्या कड्याला लावला, नाही चिकटला. ती उगाचच लाजली. मग त्यानं चुंबक तारेच्या फासावर धरला, खालून धरला, बाजूनं धरला. तार जागची हलली नाही. प्लास्टिकच्या साधनावरूनही फिरवून झाला. सगळं अंगण बघत होतं. तारेला चुंबक चिकटणार नाही हे ठाऊक असूनही सर्वांत जास्त काळजी ऋजुतालाच लागली होती.

"लोखंड न्हाय," देवरुषी म्हणाला. "न्या पोरीला." आणि चुंबक परत देताना तो ऋजुताला हळूच म्हणाला, "बरं झालं. मलाबी घोर लागला हुता."

दुसऱ्या दिवशी सकाळी उपचार झाला. प्रणाली छताकडं बघत पडली होती आणि ऋजुता हात चालवत तिच्याशी मुलांच्या शाळेबद्दल बोलत होती. काढलेला भाग बाटलीत घालून प्रयोगशाळेत गेला. बाहेर बाकावर रणजित आणि काकी बसून होते. प्रणाली चालत बाहेर आली तेव्हा रणजित उठला, तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघांनी किती तरी दिवसांनी एकमेकांकडं बघितलं. ती दोघं पुढं कधी एकमेकांना सांगतील की नाही, हे ऋजुताला कधीच कळणार नव्हतं, आणि कळावं असंही तिला वाटत नव्हतं.

अहवाल आला तो दिलासा देणारा होता. बदल गंभीर होते, अगदी उंबरठ्यावरचे, पण कॅन्सर झालेला नव्हता. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ होत्या. ऋजुताच्या जिवात जीव आला. त्याच दिवशी तिनं डॉ. वाकणकरांशी तासभर वाद घातला आणि दोन गोष्टी बदलून घेतल्या. निकाल फक्त त्या बाईच्याच फोनवर जाईल. आणि आकडा यंत्राच्या पोटात राहील; बाईला एवढंच कळेल की यायचं की नाही. आकडा हवाच असेल तर तिनं एकटीनं येऊन विचारावा, मग त्याचा अर्थ काय आणि काय नाही, हे माणसानं समोर बसून सांगावं. "हे लपवणं झालं," डॉ. वाकणकर म्हणाले. "नाही सर. आपण नको तितक्या मोठ्यानं बोलत होतो," ती म्हणाली. त्यांना ते पटलं असं नाही, पण त्यांनी सही केली.

बातमी सांगायला ती स्वतः हिवरमाळला गेली. काकीनं तिला आतल्या खोलीत नेलं. भिंतीवर एका हसऱ्या मुलीचा फोटो होता, हार ताजा.

"गेलं समदं?"

"गेलं. वर्षातून एकदा बघत राहू, पण आता काळजी नाही."

काकीनं हात जोडले. तिला आनंद झाला असेल, असं ऋजुताला वाटलं होतं. पण ती फोटोकडं तोंड करून मुसमुसायला लागली.

"हिनं मुंगीला कधी तरास दिला न्हाय, बाई. माझ्या पायाला तेल लावून मगच निजायची. मला दुखतंय म्हणून कधी बोलली न्हाय. आन् मी हिला भूत केलं. भावकीतली पोरं सांजंला आमच्या दारावरनं जायला भ्यायला लागली. रोहिणीचं नाव काढलं की बायका छातीवर थुंकी उडवत्यात. जितीला वाचवायला मी मेलेलीला बदनाम केलं." तिनं पदरानं तोंड दाबलं. "तिला इचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, ते ठाऊक हाय मला. पन मी इचारलं न्हाय."

ऋजुतानं काकीच्या पाठीवर हात ठेवला.

"माझं एक काम करा," काकी म्हणाली. "माझं कुणी ऐकायचं न्हाय. तुमी डाक्टर हाय, तुमचं ऐकतील. समद्या बाहेर बसल्यात. त्यांना सांगा, रोहिणी काय तरास द्यायला आली न्हवती."

अंगणात बायका होत्या, नेहमीच्याच. बायजाची सून, तिची जाऊ, शेजारच्या दोघी-तिघी. ऋजुता उंबऱ्यावर उभी राहिली. तिच्या शिक्षणात, प्रकल्पाच्या नियमांत आणि कालांकाच्या सगळ्या आकड्यांत या वाक्याला कुठंच जागा नव्हती. डॉ. वाकणकरांनी ऐकलं असतं तर तिला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. आतून काकीच्या मुसमुसण्याचा आवाज येत होता.

"प्रणाली बरी झाली आहे," ती म्हणाली. "आणि रोहिणी हिला त्रास द्यायला आली नव्हती. तिला जे झालं होतं, तेच हिला होत होतं. ते कुणाला बाहेरून दिसत नव्हतं. रोहिणी तेवढं सांगायला आली होती. सांगितलं आणि गेली."

एकीनं फोटोच्या खोलीकडं बघून हात जोडले. काकी दारात येऊन उभी राहिली होती.

मग बायजाची सून, जिनं त्या दुपारी बोटं मुडपली होती, ती शेंगांचं सूप बाजूला सारून उठली. तिनं तपासणी अजून केलेली नव्हती. दोनदा नाव लिहून दोनदा खोडलं होतं. ऋजुताच्या अंगावरून तिनं नजर काकीकडं नेली, आणि पदराचं टोक बोटांत पिळत विचारलं, "काकी, ती फक्त तुमच्याच घरातल्या बायकांना सांगती, का आमालाबी सांगंल?"

जयश्रीकाकीनं डोळे पुसले.

"ये की," ती म्हणाली. "माझी रोहिणी कुणाला न्हाय म्हणायची न्हाय."